आईच्या नाकातली नळी

२०१६ साली बाबांना ऑक्सिजनचं मशीन लागलं, तेव्हा आमच्या आगर गावच्या घरातला विस्तव घराबाहेर गेला. ऑक्सिजनजवळ आग नको, असं डहाणूच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि माझ्या थोरल्या भावाने, विपुलदादाने, दुसऱ्याच दिवशी गॅस मागच्या पडवीत हलवला. देवापुढचा दिवा तुळशीपाशी गेला, उदबत्ती बंद झाली. बाबांचे धाकटे भाऊ चिमणकाका उभ्या जन्मात कुणाचं ऐकणारे नव्हते, तेसुद्धा विडी ओढायला चिकूच्या वाडीच्या कुंपणापर्यंत जायला लागले. माणसासाठी घर कसं हलतं बघा, असं मी वाणगावला माझ्या सासूला कौतुकाने सांगितलं होतं.

मशीन ओटीवर खिडकीपाशी होतं. नळी मुद्दाम लांब आणली, त्यामुळे बाबा अंगणात चिकूखाली खुर्ची टाकून बसायचे. पत्त्यांचा डाव तिथेच पडायचा. येणारा-जाणारा म्हणायचा, रतनशेठ, हार मानायची नाही. मशीनच्या बाटलीतलं पाणी बदलायचं, जाळी धुवायची, वीज गेली की सिलिंडर जोडायचा, हे सगळं आई करायची, खोकत खोकत. तिला कुणी हार मानू नको म्हटलं नाही.

बाबा गेले. काही महिन्यांनी आईला तपासलं, तर तिची फुप्फुसं बाबांपेक्षा वाईट निघाली. विडी-तंबाखू काही, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती लाजून हसली. जन्म गेला तिचा चुलीपुढे. विडीची मजाही वाट्याला आली नाही, नुसता धूर आला. झोपेसकट दिवसाचा बराचसा वेळ नळी लावून ठेवा, नाहीतर हृदय थकेल आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

बाबांचंच मशीन तिला लागलं. पण ते गेलं मागच्या खोलीत, चिकूच्या रिकाम्या क्रेटांशेजारी. का, तर त्याची घरघर होते आणि ओटीवर दादाला टीव्ही ऐकू येत नाही. बाबांच्या वेळी तीच घरघर कुणाच्या कानाला टोचली नव्हती. गॅस पुन्हा आत आला, दिवा देवापुढे आला. आग आणि नळी एकत्र नको, म्हणून आता आईच नळी काढायची. भाकरीला बसताना काढायची, दिवा लावताना काढायची, पाहुणे आले की उशीखाली सारायची. बाईमाणूस नाकात नळी घालून बसलेलं बरं दिसत नाही म्हणे. निलमवहिनी शाळेतल्या नोकरीवर पळायची, तिला मी फार बोलत नाही. पण दादा तर घरीच असायचा, आणि त्याला देवाने दोन हात दिलेत. मी भांडले की म्हणायचा, आई स्वतःच काढते, आम्ही थोडंच सांगतो.

पितृपक्षात बाबांची तिथी आली. मी वाणगावहून पोचले तेव्हा आई पडवीत चुलीपुढे बसून वडे तळत होती. ओठ जांभळे पडलेले. आत मशीन बंद. बाबांना चुलीवरचेच वडे लागायचे, तेही आईच्या हातचे, नाहीतर कावळा शिवायचा नाही, असं चिमणकाकांनी बजावलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कढई खाली उतरवली आणि आईला उठवायला लागले, तर तिने माझा हात बाजूला केला. आजचा दिवस जाऊ दे म्हणाली, तेवढ्या चार शब्दांनाही तिला थांबावं लागलं.

पान वाढून पत्र्यावर ठेवलं. कावळे माडावर येऊन बसले, पण खाली येईनात. पान शिवलं नाही की गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली असं आमच्याकडे धरतात, आणि घरातल्याने हात जोडून शब्द द्यायचा असतो. दादाने वाडी सांभाळायचा शब्द दिला. काकांनी भावकी एकत्र ठेवायचा दिला. कावळे ढिम्म. मग काका म्हणाले, वहिनीत जीव अडकला असेल, तिला बोलवा. आणि आईला तशीच, नळीशिवाय, पडवीच्या कडेला उन्हात आणून उभी केली.

मला राहवलं नाही. "दादा, बाबांसाठी तू आग घराबाहेर नेलीस. आईच्या वेळी तिची नळीच काढायला लावलीस," मी म्हणाले. "मेलेल्याला काय हवंय ते विचारायला सगळे जमलात. ही जिवंत आहे, हिला काय हवंय ते विचारलंत?"

आजच्या दिवशी तमाशा नको, असं दादा म्हणाला. काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. वहिनी, हात जोडा, एवढंच म्हणाले.

आईने पडवीचा खांब धरला होता. तो सोडून तिने हात जोडले. आता ही नेहमीसारखं सगळं कबूल करणार, असं मला वाटलं आणि तिचाही राग आला. ती पत्र्यावरच्या पानाकडे बघत, धापा टाकत बोलली.

"तुमचं काय राहिलं असेल ते राहू द्या. माझ्याने आता होत नाही."

मग ती माझ्याकडे वळली. "मयूरी, मशीन ओटीवर आण. आणि त्या चुलीत पाणी ओत."

पेटत्या चुलीत पाणी ओतणं आमच्याकडे अशुभ. मी कळशी उचलली आणि ओतलं. राखेचा लोट उठला, तसा दादा खोकत बाजूला झाला. अहो वहिनी, पान अजून शिवलेलं नाही, असं काका म्हणत राहिले.

आई माझ्या खांद्याला धरून उंबऱ्यापर्यंत पोचली होती. "मग तुम्ही बसा वाट बघत, भावोजी," ती म्हणाली आणि आत आली.