कापलेले दोरे पिवळे का होते?

पाचव्या गुरुवारी मानवतच्या त्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडात पाय ठेवायला जागा नव्हती. पाथरीहून दोन जीप भरून आल्या होत्या. एरवी इथं कापूस कोंबत, आज माणसं कोंबली होती, एवढाच काय तो फरक. समोर गादीवर भावनाथ महाराज बसले होते. एका हातात रुद्राक्षाची माळ, दुसऱ्या हातात भारीतला मोबाइल.

"महागाई ही शनीची सावत्र बहीण!" महाराज गरजले. "व्याजदर हा मंगळाचा साडू! दोघांचं भांडण लागलं की सोनं माझ्या कानाशी येऊन रडतंय!"

"रडतंय म्हणं," मागं कुणीतरी गहिवरलं.

राजेश्री आईजवळ बसली होती. गंगाखेडच्या कॉलेजात ती ग्रंथपाल. वडील जाऊन तीन महिने झाले होते. एसटीत कंडक्टर म्हणून उभ्या उभ्या आयुष्य काढलेल्या माणिकरावांनी मागं नऊ लाख ठेवले होते, आणि तिची आई, कमलबाई, आज ते महाराजांच्या 'सुवर्णभांडार' नावाच्या सोन्याच्या योजनेत टाकणार होत्या. चेक पिशवीत होता, पिशवी काखेत.

कारणही तसंच होतं. पुढच्या गुरुवारपर्यंत सोनं चढणार की उतरणार, हे महाराज 'मंत्र' म्हणून ज्याच्या त्याच्या कानात सांगत. कमलबाईंना चारदा सांगितलं, चारही वेळा खरं निघालं.

"हवामान खात्यालाबी जमत न्हाई असं, माय," राजेश्री सकाळीच म्हणाली होती.

"म्हणून तर ते खातं हाय, अन् हे महाराज हायेत."

"पयल्यांदा काय म्हणले होते?"

"गुरूचा मंत्र फोडत नसतेत. फळ जातंय."

पण मागच्या गुरुवारी राजेश्री आईला सोडायला आली, तेव्हा दारातली एक गोष्ट तिच्या डोळ्यांत खुपली होती. मंत्र देताना महाराज मनगटाला दोरा बांधत, कुणाला लाल, कुणाला पिवळा. पुढच्या गुरुवारी दारात सेवेकरी कात्री घेऊन उभा. "तुमची श्रद्धा कमी पडली, मंत्र जळाला," म्हणत तो कचाकच दोरे कापत होता, आणि ती माणसं मान खाली घालून घरी जात होती. कापलेले सगळे दोरे पिवळे होते. लाल एकही नाही. श्रद्धा रंग बघून कमी पडते, असं तिनं कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

महाराजांनी दहा 'सिद्ध भक्तां'ना पुढं बोलावलं. कमलबाई उठल्या. राजेश्रीही उठली.

"एक विचारू?"

"विचार, बेटी."

"तुमाला न्हाई, महाराज." ती मागं वळली. शेजारच्या बायनाबाई पहिल्याच फेरीत बाद झाल्या होत्या. तसे बाद झालेले पुष्कळ जण आज श्रद्धा दुरुस्त करून घ्यायला आले होते. बायनाबाईंनी तर माफीचा नारळही आणला होता. "मावशी, तुमचा मंत्र तर जळालाच हाय. आता त्याचं कसलं फळ जायचंय? पयल्या गुरुवारी कानात काय म्हणले?"

बायनाबाईंनी नारळाकडं पाहिलं, मग महाराजांकडं. "उतरंल म्हणले. पिवळा दोरा बांधला. मी येडी, कानातली फुलं इकून बसले. अन् सोनं चढलं की!"

कमलबाई जागीच थांबल्या. "उतरंल? अवो, मला तर चढंल म्हणले. लाल दोरा बांधला!"

"एकाच दिवशी?" राजेश्रीनं विचारलं.

"तर! माझ्या म्हागंच बसली होती ही," बायनाबाई म्हणाल्या.

"मलाबी उतरंल म्हणले!" "मला चढंल!" महिनाभर मिटलेली तोंडं एकदम उघडली.

राजेश्रीनं आवाज चढवला नाही. "आज दहा उरलेत. चारदा दुप्पट करा, म्हंजे पयल्या दिवशी एकशेसाठ माणसं होती. ऐंशींना चढंल सांगितलं, ऐंशींना उतरंल. सोन्यानं कायबी करू द्या, ऐंशी जणांचं खरं होणारच. चुकलेल्यांचे दोरे कापायचे. मागच्या आठवड्यात सोनं चढलं, म्हणून कापले ते सगळे पिवळे. उरलेल्यांचे परत दोन भाग. चाळीस, मग वीस, मग दहा. हे झाले सिद्ध भक्त. महाराजांना सोन्यातलं कळत न्हाई, फक्त दोननं भागता येतंय. मंत्र फोडू नका म्हणलं की भागाकार झाकून राहतोय."

"शनी कोपंल!" महाराज किंचाळले.

"कोपू द्या त्याला. आधी माझ्या फुलांचं बोला," म्हणत बायनाबाईंनी माफीचा नारळ हातात असा काही तोलला, की महाराज गादीमागच्या दारानं पसार झाले. मोबाइल तिथंच राहिला. त्यावर सोन्याचा आजचा भाव उघडा होता. तेवढी सिद्धी शेडातल्या निम्म्या लोकांच्या खिशात होती.

घरी आल्यावर कमलबाई भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभ्या राहिल्या. माणिकराव दर महिन्याच्या पानावर पेन्सिलीनं दोन आकडे लिहीत: महागाई किती, ठेवीवर व्याज किती. व्याज सात आणि महागाई पाच, तर पदरात दोनच, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "आकडे उद्याचं सांगत नसतेत," ते म्हणत. "आज गाडी कोणत्या स्टॉपवर हाय, तेवढं सांगतेत. तेवढं बघून तिकीट फाडायचं." ते गेल्यापासूनची तीन पानं कोरी होती.

"ह्यांना कोण सांगायचं गं हे?"

"कुणी न्हाई, माय. पेपरात छापून येतंय. तुला, मला, बायनामावशीला, सगळ्यांना एकच."

"कानात न्हाई?"

"खऱ्या आकड्याला कान लागत न्हाई. अन् जो कानात सांगतोय, त्यानं शेजाऱ्याच्या कानात काय सांगितलं, ते आधी इचारायचं."

कमलबाईंनी पिशवीतून चेक काढला, चार तुकडे केले. मग खिळ्याला दोरीनं बांधलेली नवऱ्याची पेन्सिल हातात घेतली आणि पहिलं कोरं पान उलटून धरलं.

"सांग," त्या म्हणाल्या. "ते गेले त्या महिन्यापासून सांग."