कानवाल्या बाबांचं तेल

हँगरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. फ्लाइंग क्लबच्या छोट्या विमानाचं इंजिन उघडं करून ठेवलं होतं आणि कानवाले बाबा त्याला कान लावून, डोळे मिटून उभे होते.

"रडतोय," बाबा म्हणाले. "तिसरा सिलिंडर रडतोय. दृष्ट लागलीय!"

गर्दीने माना डोलावल्या. विमान शिकवणाऱ्या बाईंनी मात्र नाक मुरडलं. एक तर इंजिन बंद होतं. शिवाय तिसऱ्याची रड क्लबच्या मिस्त्रींनी आदल्याच दिवशी क्लबभर सांगितली होती. बाईंना काळजी होती ती वेगळीच. दुसऱ्या दिवशी सकाळी याच विमानातून त्यांची लेक पहिल्यांदा एकटी उडणार होती.

मिस्त्रींनी पंखा घट्ट धरून ठेवला आणि मदतनिसाने सिलिंडरमध्ये दाबाने हवा सोडली. हवा आत टिकली तर इंजिन धडधाकट, निसटली तर कुठेतरी झीज. मीटरचा काटा खाली बसला. मग बाबांनी झोळीतून बाटली काढली, काहीतरी पुटपुटत प्लगच्या भोकातून तेल ओतलं आणि पंखा फिरवून घेतला. पुन्हा हवा सोडली, तर काटा चढला आणि वरच राहिला!

"झीज भरून आली!" बाबा बाईंकडे बघत म्हणाले. "शंका घेणाऱ्याला मात्र गुण येत नाही हं." पळवाट आधीच खणून ठेवलेली!

"आई, आता तरी मान ना. काटा खोटं बोलेल का?" लेक म्हणाली.

"काटा नाही गं बोलणार. मिस्त्री, चौथाही कमजोर आहे ना? त्यात आपल्या डब्यातलं इंजिनचं रोजचं तेल घाला."

काटा तेवढाच चढला.

"माझ्या सान्निध्याचा प्रभाव," बाबा घाईने म्हणाले.

"मग इथेच थांबा. आपण इंजिन जरा चालवू."

इंजिन चालवून पुन्हा मोजलं, तर दोन्ही सिलिंडरचे आकडे होते तिथे परत आले. हवा सोडलेली असतानाच बाईंनी इंजिनात तेल भरायचं झाकण उघडून लेकीला तिथे कान लावायला सांगितलं. आतून फुस्स असा आवाज येत होता.

"पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्यात," बाई म्हणाल्या. " हवा तिथून इंजिनाच्या पोटात निसटतेय. तेलाने फट घटकाभर बुजते, इंजिन चाललं की तेल जळून जातं. झडप बिघडली असती तर तेलाने फारसा फरकच पडला नसता. म्हणजे हा चमत्कारच झिजेचा पुरावा आहे!"

मिस्त्री ओशाळले. "हे मला ठाऊक होतं हो, बाई. पण काटा चढताना पाहिला आणि डोकं बाजूला ठेवलं."

लेकीने कानवाल्या बाबांना विचारलं, "सकाळी माझ्या शेजारी बसून येता?"

"मला... विमान लागतं," बाबा म्हणाले आणि झोळी उचलून दाराकडे वळले.

उड्डाण रद्द झालं. लेकीचे डोळे भरून आले. बाईंनाही वाईट वाटलं, पण त्यांनी तिला जवळ घेतलं ते हायसं वाटून. मग त्या गर्दीकडे वळल्या.

"चमत्कार दिसला तर जरूर बघा. पण हात जोडण्याआधी इंजिन एकदा चालवा आणि पुन्हा मोजा. आत आपलंच लेकरू बसणार असतं."