चाळीस आणि ऐंशीच्या मधले

बाळाची झोप मोडू नये म्हणून तिने आठवड्यापूर्वी सबवूफरच्या, म्हणजे सोफ्याशेजारच्या त्या घुमणाऱ्या पेटीच्या मागचं बटण गुपचूप ऐंशीवरून चाळीसवर आणलं होतं. ऐंशी हर्ट्झच्या खालचे, म्हणजे खर्जातले आवाज पेटीने काढायचे आणि वरचे स्पीकरनी, ही वाटणी नवऱ्यानेच तिला कौतुकाने समजावली होती. आता मधले आवाज कुणाच्याच वाट्याला येत नव्हते.

गाणं पोकळ वाटतं म्हणून त्याने पेटीचे कोपरे बदलून पाहिले, वायरी बदलल्या, स्वतःच लावलेल्या बटणावर मात्र शंका घेतली नाही; रोज जमिनीवर रांगत कान लावला. "घरात रांगणारे दोन झाले," असं ती पहिल्या दिवशी हसून म्हणालीही होती. त्यानंतर तिला हसू आलं नाही, पण खरं सांगायलाही तोंड उघडेना.

आज त्याने पेटीला हातच लावला नाही. "उद्या कान तपासायला जातोय," तो म्हणाला. "बाबांचंही असंच सुरू झालं होतं."

"तुझे कान ठणठणीत आहेत. मागचं बटण मी फिरवलंय. बाळ दचकायचं रे."

"मग सांगायचंस ना. मीच कमी केलं असतं."

"पहिल्या दिवशी राहिलं. मग तू रांगायला लागलास आणि मला लाज वाटली."

त्याने उठून बटण ऐंशीवर नेलं आणि गाणं लावलं. खालचा सूर घुमला तसा त्याने चेहरा ओंजळीत झाकला. आठ दिवस हा माणूस किती घाबरला होता, ते तिला आत्ता दिसलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवायचं मात्र तिला धाडस झालं नाही.