डाव्या दाढेची कडी

माझ्या आईच्या मरणाचं सोनं तुम्ही माझ्या तोंडात अडकवलंत. तुमचं नाव लिहीत नाही. खुर्ची तुमची, शेराही तुमचाच, तुम्हाला कळेल.

खालापूरच्या बाजूला मुलींच्या शाळेत मी तीन वर्षं हंगामी मास्तरीण आहे. नवऱ्यानं या पुढच्या दातांपायी मला टाकली, तेव्हा चौक गावात आईकडे येऊन भात कांडता कांडता मास्तरकीला लागणाऱ्या फायनल परीक्षेचा अभ्यास केला नि पास झाले. गेल्या साली तुम्ही शाळा तपासायला आलात. मुलींना एक प्रश्न विचारला नाहीत. पंधरा मिनिटं माझ्या तोंडाकडे बघत बसलात आणि लिहिलंत: दात पुढे, ओठ मिटत नाहीत, बोलणे अस्पष्ट. वर्षात उपाय न केल्यास नोकरीत कायम करता येणार नाही. मी तेव्हा सव्वीस वर्षांची.

गिरगावातला दातांचा डॉक्टर हसला. "बाई, तार लावून दात मागे ओढणं हे पोराटोरांचं काम. तुमची हाडं पक्की झालीत. दुखेल, वर्षभर तरी दुखेल. आणि लढाईमुळे विलायतेहून तार येत नाही. सोन्याची करावी लागेल. सोनं तुम्ही आणा."

माझ्या दोन बांगड्या त्याच्या मजुरीत गेल्या. गळ्यातली पोत तारेत गेली. तरी तार अडकवायला डाव्या दाढेला जी कडी बसवायची, तिच्यापुरतं सोनं कमीच पडलं.

आईच्या पदराच्या गाठीत हरभऱ्याएवढा तुकडा होता, तिच्या मोडलेल्या नथीचा. आमच्याकडे जाणाऱ्याच्या तोंडात पाणी, तुळशीचं पान नि सोनं घालतात. म्हातारी माणसं ते आधीच बाजूला काढून ठेवतात. आईनं गाठ सोडली.

"घे गं. मी काय उंद्या मरतंय? तू कायम झालीस का पयल्या पगारात दुसरा करशील मला."

मी घेतला. एवढीच माझी चूक. बाकी सगळं तुमचं.

तार बसली. शेजारची इंदूबाई मला बघून दारातच हसत सुटली. "काय गं मैना, तोंडाला सोन्याचं दावं? आता तुला कुनी चोरली तर आख्खी चोरायला लागंल!" मीही हसले आणि कडीचं सोनं कुठलं ते सांगून बसले. तिचं हसणं तिथंच थांबलं.

"मरनाचं सोनं जित्या तोंडात? अगं, यमाला रस्ता दावलास तू. आता तो तुज्याकडं येतो का म्हातारीकडं, कुनी सांगावं?"

असल्या गोष्टी मी मानत नाही, असं मी मुलींना शिकवते. पण त्या दिवसापासून दाढ ठणकली की इंदूबाईचं बोलणं आठवायचं. फळ्यावर लिहिताना जीभ आपोआप कडीला लागायची नि खडू हातात थांबायचा.

श्रावणात आईला हिवताप आला. आठव्या दिवशी कर्जतच्या डॉक्टरनं मान हलवली. आई पदर चाचपायला लागली.

"मैना, माजी गाठ कुठाय?"

"माझ्या तोंडात हाय गं आये."

"दाव."

मी तोंड उघडलं. तापानं कढत झालेलं तिचं बोट माझ्या दातांवरून फिरत डाव्या कडीपाशी गेलं. "हाय," ती म्हणाली नि झोपली. घटकाभरानं पुन्हा, "दाव." दिवसभर तेच. बुधवारी तिनं कडीवरचं बोट काढलंच नाही. तिचे डोळे इतके भेदरलेले मी कधी पाहिले नव्हते.

इंदूबाईनं आपल्या गळ्यातला मणी तोडून आणला. आईनं ओठ घट्ट मिटले. "परक्याचं नगं. तिथं बी उसनं घेऊन जाऊ?"

गिरगावच्या डॉक्टरनं बजावलं होतं: तार मधेच काढाल तर हललेले दात हललेलेच राहतील, पडतीलसुद्धा. आणि त्या बुधवारीच तुमचं पत्र आलं. सोमवारी तपासणी.

गुरुवारी सकाळी कडी कापून काढायला मी गावातल्या गोमा सोनाराला बोलावलं. त्यानं बारीक कात्री काढली नि माझ्या तोंडात डोकावला. "बाई, मी नथी-बुगड्या कापतो. दाढेला हात कदी लावला नाय."

"लवकर," मी म्हणाले. इंदूबाईनं माझं डोकं धरलं. आई अंथरुणातून बघत होती. तिचा श्वास अडकत होता, मला तो ऐकू येत होता. दुखण्याची भीती केव्हाच गेली होती. गोम्याचा हात चुकला नि तेवढ्यात आई गेली तर? मग ती रिकाम्या तोंडानं कुठं कुठं शोधत फिरेल? कानात कट्ट वाजलं. डाव्या अंगाची सगळी तार सैल पडली, तोंड रक्तानं भरलं, नि कडी माझ्या हातावर आली.

मी ती धुतली. तुळशीच्या पानावर ठेवून आईच्या तोंडात घातली. तिनं जिभेनं चाचपून बघितली.

"माजीच," ती म्हणाली.

दुपारी ती गेली.

आज रविवार. डाव्या बाजूचे तीन दात जिभेनं हलतात. एक तर पहिल्यापेक्षा पुढे झुकलाय. भाताचं शीत चावायची भीती वाटते. उद्याची वाटते. नोकरी गेली तर खायचं काय, ही तर बारा महिन्यांची भीती आहे, ती कुठं गेलेली नाही.

सुतक आहे, तरी मी उद्या शाळेत येणार. तुमच्यासमोर तोंड उघडणार. कडी कुठं होती ते बघून घ्या. मग मुलींकडे वळा, त्यांना विचारा, आणि त्यांच्यादेखत मला सांगा: तीन वर्षांत माझ्या तोंडचं कुठलं अक्षर त्यांना कळलं नाही? शेऱ्यात लिहू नका. तोंडानं सांगा. मी उभी राहते.