आलेखांची चूल वेगळी

सासऱ्यांचा सगळा जीव त्यांनी स्वतः लिहिलेल्या लिफ्टच्या प्रोग्राममध्ये. गर्दीच्या वेळी कुठली लिफ्ट कुठे धाडायची, आधी कुणाला न्यायचं, सगळी अक्कल त्यात ओतलेली. घराबाहेरच्या कुणाला त्यांनी त्यातली एक ओळही दाखवली नव्हती. आता लिफ्ट बनवणारी एक मोठी कंपनी तो वापरायला घेणार होती. अट एवढीच, की आतलं सगळं तुमचंच आहे असं सही करून द्या.

आणि नेमकी तिथेच धाकट्या दिराने माती खाल्ली. बिघाडांचे आलेख काढायला त्याने इंटरनेटवर फुकट मिळणारं एक मुक्त साधन शोधलं आणि त्याचा कोड उचलून थेट वडिलांच्या प्रोग्राममध्ये चिकटवला. अहो, फुकट म्हणजे बेवारस नव्हे! परवान्यात स्वच्छ लिहिलं होतं, की हा कोड तुमच्या प्रोग्राममध्ये मिसळून दुसऱ्याला दिलात, तर तुमचा कोडही त्याला उघडा करून द्यावा लागेल. सुनेने ते वाचलं आणि तिचं डोकंच फिरलं. नशीब, तो प्रोग्राम अजून कुणाला दिला नव्हता.

दीर म्हणाला, कोण बघतंय वहिनी? सासरेही म्हणाले, गप्प राहा. सून कसली ऐकते! तिने तो कोड मुळासकट उपटला आणि आलेखांचा स्वतंत्र प्रोग्राम केला. लिफ्टच्या प्रोग्रामने नोंदी फाइलमध्ये लिहायच्या, आलेखवाल्याने त्या वाचायच्या. छप्पर एक, पण चूल वेगळी.

कंपनीच्या वकीलबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, यात दुसऱ्याचं काही आहे का? दिराने मान खाली घातली. सासऱ्यांनी सुनेकडे डोळे वटारले.

"आहे," सून म्हणाली. "आलेख काढणारा प्रोग्राम दुसऱ्यांचा आहे. हा त्याचा परवाना आणि हा कोड, माझ्या बदलांसकट. खुशाल घेऊन जा. लिफ्ट चालवणारा प्रोग्राम बाबांचा. त्यातली एक ओळही मिळणार नाही."

वकीलबाईंनी परवाना आणि आलेखांचा कोड तपासला, समाधानाने मान हलवली आणि करार सासऱ्यांपुढे सरकवला. त्यांनी सही केली. आता आपली हजेरी घेतली जाणार, हे सुनेने ओळखलं. पण तिला त्याची फिकीर नव्हती. सासरे मात्र बोलले ते वकीलबाईंशीच.

"शेजारी हिचीही सही घ्या. आपलं काय आणि दुसऱ्याचं काय, हे आमच्या घरात हिलाच नीट कळतं. भागीदारीचे कागद मी उद्या करतो."