चाई समजून घालवलेली दोन वर्षे

मित्रांनो, मी शिसवी लाकडाची एक जुनी फणी. आपले आयुष्य सांगण्याजोगे आहे का, याची मला शंकाच वाटते. पण ही गोष्ट न सांगता राहिले, तर ती मला टोचत राहील.

आष्टीच्या आठवडी बाजारात एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले. माझ्या एका बाजूला विरळ दात, दुसऱ्या बाजूला बारीक. सीताबाईंनी मला विकत घेऊन पवनारला आणले. त्यांची लेक पौर्णिमा तेव्हा पहिलीत होती. तिचे केस इतके दाट, की माझे दोन दात त्यातच गेले. सीताबाई शेजारणींना सांगत, फणी मोडली पण केस तुटला नाही. त्या वाक्याने मी फार फुशारून जात असे.

पुढे पौर्णिमा एसटीत कंडक्टर झाली. तरी सुट्टीच्या दिवशी वेणी आईच्याच हातची. तीन वर्षांपूर्वी ती सांगू लागली, की टाळूची आग होते, केस ओढला की दुखते. तिथे रुपयाच्या नाण्याएवढी जागा मोकळी झाली होती. त्यावरून फिरताना मला ती कातडी काचेसारखी गुळगुळीत लागे. केस गळला तरी त्याचे छिद्र उरते; इथे छिद्रच नव्हते. कडेच्या केसांच्या मुळाशी लाली आणि खपली होती. हे मला तेव्हाच कळले होते, की आता मागाहून तसे वाटते? खात्रीने सांगता येत नाही.

शेजारच्या नलूबाई दोघी-तिघींना घेऊन पाहायला आल्या.

"हे तं चाई हाय व. माह्या भाच्याले झाल्ती. लसूण चोळजो. त्याले आता कंगवा नाई, पुसाले फडकं लागते."

सगळ्या हसल्या. पौर्णिमाही हसली. चाईत केसांचा पुंजका जातो, पण बहुधा परत येतो. म्हणून कोणी घाई केली नाही. सीताबाई लसूण चोळत आणि कोंडा समजून माझ्या बारीक दातांनी खपली खरवडून काढत. पौर्णिमा ओठ चावून बसे. दोन वर्षांत ती जागा तळहाताएवढी झाली. मग लाकडी फणी केस ओढते, असे ठरवून मला फळीवर टाकले आणि प्लॅस्टिकचा कंगवा आणला. मला राग आला नाही. खरवडणारे दात माझेच होते.

शेवटी पौर्णिमा वर्ध्याला त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. रोज ती त्याच रस्त्याने तिकिटे देत जात होती! घरी येऊन तिने आईला सांगितले ते मी फळीवरून ऐकले. टाळूचा बारीक तुकडा तपासला होता. ही चाई नव्हती. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशीच केसांच्या मुळांवर उठल्या होत्या. मुळाच्या जागी व्रण धरला, की तिथे केस पुन्हा उगवत नाही.

सीताबाईंनी लसणाची वाटी दूर सारली. मग म्हणाल्या, "मले वाटलं, येतीन केस. मीच चोळत राह्यली."

"तुले का मालूम होतं, माय? मलेबी नोतं मालूम."

त्या दिवसापासून सीताबाईंनी लेकीच्या डोक्याला हात लावला नाही.

टाळूत इंजेक्शने झाली, नेहमीच्या गोळ्या झाल्या, आग थांबेना. मग डॉक्टरीणबाईंनी एक नवी गोळी सुचवली. दाह पेटवणारा पेशींमधला निरोपच ती अडवते. पण तिने इतर संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून आधी क्षयाची तपासणी आणि पुढे वरचेवर रक्ताची. या आजारात त्या गोळीचा अनुभव अजून थोडा आहे, गुण येईलच असे नाही, हेही त्यांनी लपवले नाही. गेलेले केस येणार नव्हतेच. उरलेले वाचतात का, एवढाच प्रश्न होता.

पौर्णिमाने ती गोळी सुरू केली. चार महिन्यांनी तिने मला फळीवरून काढले, पुसले आणि आईच्या हातात देऊन ती पुढ्यात बसली.

"आता दुखत नाई, माय. घाल वेणी."

 सीताबाईंनी माझी विरळ बाजू पुढे धरली आणि चट्ट्याच्या कडेकडेने फिरवली. कड होती तिथेच होती; चट्टा वाढला नव्हता.

मित्रांनो, टाळूची आग होत असेल, केस गेलेली जागा गुळगुळीत लागत असेल, तर वाट पाहू नका. कुणी काही चोळायला सांगितले, तरी आधी डॉक्टरांना दाखवा. औषधे आता नेमकी होत चालली आहेत, पण व्रणातून केस उगवून आणणे त्यांनाही जमत नाही. आता वेणी घालताना मोकळी जागा आली, की सीताबाई मला उचलून घेतात, आणि पलीकडे अलगद टेकवतात.