काळ्या लोकरीची शाल

माझी थोरली बहीण मथुराताई विधवा होऊन रत्नागिरीला परत आली, त्याला तीन वर्षे झाली होती. साल १९३१. मुलींच्या एका शाळेला हस्तकलेसाठी शिक्षिका हवी होती. अट अशी, की कच्च्या लोकरीचे सूत स्वतः कातून विणलेली शाल माघी पौर्णिमेला आणून दाखवावी. विलायती लोकर चालणार नाही. सुयांवरचे विणकाम ताईला येत होते. आयुष्यभर भावाच्या घरी जेवायचे नाही, असे तिने मला सरळ सांगितले. मला वाईट वाटले, पण तिचे चुकत होते असे नाही.

भात कापून झाले की घाटावरचे धनगर खाली उतरतात आणि खतासाठी शेतात मेंढरे बसवतात. आमच्या मळ्यात महिपत धनगराचा कळप होता. ताईने त्याच्याकडून पोतेभर लोकर आणली. ती धुवायची कशी, ते मी पुस्तकात पाहिले. मेंढीच्या अंगचा तेलकटपणा गरम पाण्याने जातो, असे त्यात होते. किती गरम, ते बहुधा पुढच्या पानावर असावे. मी तिथवर वाचले होते की नाही, आज सांगता येत नाही. ताईने घरचे कपडे धुतात तशी लोकर राखेच्या पाण्यात उकळली आणि विहिरीवरच्या चिऱ्यावर आपटली. वाळल्यावर तिचे जाजम झाले. त्यातून एक धागा निघेना.

पुढच्या वर्षी बघू, असे मी म्हणालो. ताई ते जाजम काखोटीला मारून मळ्याकडे चालू लागली. मी मागून गेलो.

महिपतची बायको सगुणा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. “बाई, लोकर म्हंजी धोतार न्हाई आपटाया. कुनी शिकिवलं ह्ये?”

ताईने माझ्याकडे पाहिले नाही. “ते राहू दे. आता कसं करायचं ते सांग.”

चांगली लोकर घाटावर गेली होती. पायांकडची राठ, काळी तेवढी उरली होती. ताईने तीच घेतली. रिठ्याच्या गार पाण्यात ती भिजवायची, न चोळता दाबायची, सावलीत वाळवायची, मग बोटांनी सोडवून कुसळे काढायची आणि तळव्याला खोबरेल लावून टकळीवर कातायची. रोज मळ्यात जाऊन सगुणाशेजारी बसून ती हे शिकली. धनगरांत बसते म्हणून आळीत बोलणे झाले. ते मी घरी आणले. “तुझ्या कानावर आलं ना? मग तिथंच ठेव,” एवढेच ती म्हणाली.

पौर्णिमेला शाल चार बोटे कमी होती. मी मुदतीसाठी अर्ज लिहून दिला. तो तिने घेतला नाही.

शाळेत समितीच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, “ही तर अपुरी आहे.”

“हो. लोकर धुण्यापासून सगळं माझ्या हातचं आहे. उरलेली इथंच विणते.”

ती भिंतीशी बसली आणि विणू लागली. दुसऱ्या उमेदवार बायका येऊन गेल्या. मी बाहेर उभा राहून, तिला घरी चल म्हणावे की नाही, एवढेच ठरवत होतो. दिवेलागणीच्या सुमारास तिने शेवटचे टाके बंद केले.

बाईंनी शाल खांद्यावर घेतली. “टोचते हो.”

“टोचते,” ताई म्हणाली. “पाठीवरची लोकर मिळाली की मऊ होईल. कशी धुवायची नाही, तेही मी मुलींना सांगेन.”

बाई पहिल्यांदा हसल्या आणि सोमवारपासून शिकवायला या म्हणाल्या.

ताईने सुया पिशवीत घातल्या. “सकाळचा उजेड कुठल्या खोलीत येतो?” तिने विचारले.